मनोविकार वॉर्डात सिस्टर किती लागतात हे बेड मोजून कसं ठरवणार?

इनचार्ज_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयातला ३० बेडचा मनोविकार वॉर्ड आहे. १८ पुरुषांकडे, १२ बायकांकडे, आणि दोन्हीकडे नर्सिंग स्टेशनला लागून नजरेखाली ठेवायचे दोन-दोन बेड. सेन्सस, म्हणजे दाखल पेशंट, रोज २४ च्या आसपास. ड्युट्या सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८, रात्री ८ ते ८. सध्या सकाळी ४, दुपारी ३, रात्री २ असा नर्सिंग स्टाफ, शिवाय प्रत्येक पाळीला एक मावशी आणि एक मामा.

व्यवस्थापनाचा हिशोब सरळ आहे. जनरल वॉर्डला सहामागे एक, चोवीसला चार, विषय संपला. वर ऐकवतात की तुमचे पेशंट चालते-फिरते, ना सलाईन ना कॅथेटर, तुम्हाला चार तरी कशाला? मेडिसिनकडचा ॲक्युइटीचा, म्हणजे पेशंटची तीव्रता मोजायचा फॉर्म आमच्याकडे भरून बघितला. त्यात ऑक्सिजन, ड्रेन, ड्रेसिंग, कूस बदलणं यांना गुण आहेत. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेला, अंगाने धडधाकट माणूस त्यात शून्यावर येतो. रात्रभर वॉर्डात येरझारा घालणारी, कुणाचंही ताट ओढणारी मॅनियाची बाईपण शून्यावर.

तर मनोविकार वॉर्डासाठी पेशंटची तीव्रता नेमकी कशी मोजायची? मोजल्यावर त्या आकड्यावरून स्टाफचा आकडा कसा काढायचा? पेशंटजवळ राहणारे नातेवाईक हिशोबात धरायचे का? आणि रात्रीचं काय, तिथे वेगळा नियम लागतो का? तत्त्वज्ञान नको, उद्या कागदावर मांडता येईल असं सांगा.

मिरज_जंक्शन

ताई, पेशंटला किती हात लागतात आणि पेशंटवर किती डोळे लागतात, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिसिनचा फॉर्म हात मोजतो. तुमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त काम डोळ्यांचं आणि तोंडाचं आहे, ते त्या फॉर्मला दिसतच नाही. म्हणून तो फॉर्म दुरुस्त करत बसू नका, नवीन आखा.

आखताना निदान बाजूला ठेवा. स्किझोफ्रेनिया म्हणून तिसरी पातळी, डिप्रेशन म्हणून दुसरी असं लिहिलंत की सगळं फसलं. पुढच्या पाळीत ह्या पेशंटसाठी काय काय करावं लागणार, एवढंच विचारायचं. चार पातळ्या पुरतात.

पहिली: जेवण-अंघोळ स्वतःची स्वतः, गोळ्या समोर घेतो, तासाला एकदा दिसला तरी भागतं. दुसरी: प्रत्येक गोष्टीला मागे लागावं लागतं, गोळी गालात धरून नंतर थुंकतो म्हणून तोंड उघडून बघावं लागतं, किंवा नवीन औषध चढवतोय म्हणून बीपी-नाडी ठरल्या वेळेला. अर्ध्या तासाला नजर. तिसरी: दर १५ मिनिटांनी नजर, किंवा हाताने भरवणं, दारू सुटतानाची लक्षणं, त्या दिवशी ईसीटी (भूल देऊन विजेचा उपचार), शांत करण्याचं इंजेक्शन देऊन झालेला. चौथी: एक माणूस सतत समोर किंवा हाताच्या अंतरावर. म्हणजे जिवाचा धोका आत्ता आहे, अंगावर धावून जाण्याची शक्यता मोठी आहे, बांधून ठेवावं लागलंय, किंवा डिलिरियम (अचानक भान सुटून बरळणं) आहे.

तिसरी की चौथी हे 'मला वाटतं' वर सोडू नका. आक्रमकतेसाठी नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट चेकलिस्ट वापरा. सहाच बाबी आहेत: गोंधळलेपण, चिडचिड, धसमुसळेपणा, शाब्दिक धमकी, अंगावर येण्याचा आविर्भाव, वस्तूंवर हल्ला. प्रत्येकाला ० किंवा १. शून्य म्हणजे धोका कमी, १-२ मध्यम, ३ किंवा वर म्हणजे जास्त, आणि अंदाज पुढच्या २४ तासांपुरता. भरायला दोन-तीन मिनिटं. चूक सगळीकडे एकच होते. जुना ओळखीचा पेशंट नेहमीच जरा गोंधळलेला असतो, त्याला रोज १ देत राहतात. त्याच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा वाढ दिसली तरच १ द्यायचा असतो.

आता पातळीवरून माणसं. प्रत्येक पातळीला मिनिटं लावा. सहा तासांच्या सकाळच्या पाळीसाठी सुरुवातीला असे धरा: पहिली २०, दुसरी ४५, तिसरी ९०, चौथी ३६०. हे आकडे फक्त सुरुवातीचे, ते स्वतःच्या वॉर्डात मोजून बदलायचे, त्यावर खाली लिहितोय. शिवाय पेशंटशी थेट संबंध नसलेलं वॉर्डाचं काम, म्हणजे इंडेंट, औषधांचा साठा, फोन, बिलिंगवाल्यांशी डोकेफोड, त्याला १५० मिनिटं. एका सिस्टरची हाती येणारी मिनिटं ३६० नसतात. हँडओव्हर घेणं-देणं ३५, चहा-पाणी २०, उरली ३०५.

तुमच्या २४ पेशंटचे तीन दिवस मांडतो. शांत दिवस: १६ पहिल्या पातळीचे, ७ दुसऱ्या, १ तिसरा. ३२० + ३१५ + ९० + १५० = ८७५. भागिले ३०५ म्हणजे २.९, तीन जणी बास. नेहमीचा दिवस: ११, ८, ४, १. २२० + ३६० + ३६० + ३६० + १५० = १४५०, म्हणजे ४.८. जड दिवस: ८, ८, ६, २. १६० + ३६० + ५४० + ७२० + १५० = १९३०, म्हणजे ६.३. सेन्सस तिन्ही दिवशी २४ आणि सहामागे एक हा नियम तिन्ही दिवशी ४ च सांगणार. व्यवस्थापनापुढे पहिला दिवससुद्धा ठेवा. तीन पुरतात असंही हा फॉर्म सांगतो हे दिसलं की '६.३' वर विश्वास बसतो.

एक सापळा आहे. सगळ्यांचे गुण मिळवून सरासरी काढू नका. 'वॉर्डाची सरासरी १.९' ह्या आकड्याला काही अर्थ नाही. चौथ्या पातळीचा एक पेशंट एक अख्खा माणूस वॉर्डातून उचलून नेतो, सरासरीत तो विरघळून जातो.

ब्रिटनमध्ये मनोविकार वॉर्डांसाठी एमएचओएसटी नावाचं तयार साधन आहे. पाच पातळ्या, प्रत्येकीला गुणक. त्याची विचारसरणी जरूर बघा, पण गुणक उचलून आणू नका. ते तिथल्या वॉर्डातल्या कामाच्या पद्धतीवर काढलेले आहेत. तिथे पेशंटची आई बेडशेजारी चटई टाकून झोपत नाही.

मिनिटं मोजायची पद्धत: सात दिवस, तिन्ही पाळ्या, रविवार धरून. कामातून मोकळी केलेली एक व्यक्ती दर १० मिनिटांनी वॉर्डात नजर फिरवते आणि प्रत्येक सिस्टर त्या क्षणी काय करतेय याचा एक कोड लिहिते: पेशंटसोबत, पेशंटसाठी पण लांबून, वॉर्डाचं काम, स्वतःचं. पेशंटसोबत असेल तर त्याची पातळीही. सहा तासांत माणशी ३६ नोंदी, चार जणींच्या १४४. आठवड्यात पुरेसा ढीग जमतो. घड्याळ घेऊन मागे फिरू नका, बायका अवघडतात आणि कामही नेहमीसारखं होत नाही.

कृष्णाकाठ

मिरजकरांची मांडणी पटते. मानसोपचाराच्या बाजूने भर घालतो, कारण ह्या पातळ्यांत एक जुना पक्षपात शिरतो: जो आवाज करतो त्याला गुण, जो गप्प त्याला नाही.

कॅटाटोनियाचा, म्हणजे हालचाल-बोलणं थिजलेला पेशंट बघा. भिंतीकडे तोंड करून पडलाय, कुणाला त्रास नाही, रात्रीच्या नोंदीत 'झोप चांगली'. प्रत्यक्षात त्याला घोट घोट पाणी पाजायचं, लघवी तुंबली का बघायचं, कूस बदलायची, पोटऱ्या सुजल्या का बघायच्या. तो तिसऱ्या पातळीच्या खाली येऊच शकत नाही. जेवण सोडलेली डिप्रेशनची म्हातारीही तशीच. 'चार घास खाल्ले' हे लिहायलासुद्धा कुणीतरी पाऊण तास बसलेलं असतं.

दारूचा पेशंट पहिल्या दिवशी फसवतो. दाखल होताना गप्पा मारतो, हात जरा थरथरतात, कुणीतरी दुसरी पातळी लिहितं. शेवटचा घोट घेतल्यापासून ६ ते ४८ तासांत झटका येऊ शकतो, आणि डिलिरियम ट्रेमेन्स (दारू सुटतानाचा गंभीर डिलिरियम) साधारण ४८ ते ९६ तासांत. म्हणून केसपेपरच्या पहिल्या पानावर 'शेवटची दारू: तारीख, वेळ' अशी चौकट हवीच, आणि तिथून किमान ७२ तास पातळी तिसरीच, माणूस कितीही बरा दिसो. सीवा स्केल (दारू सुटतानाची लक्षणं मोजायचा) दर चार तासांनी. ८ च्या खाली सौम्य, ८ ते १५ मध्यम, १५ च्या वर गंभीर. मात्र तो स्केल पेशंटच्या उत्तरांवर चालतो. माणूस बरळायला लागला की सीवाचा आकडा सोडा आणि थेट चौथी पातळी लिहा.

सांगली जिल्ह्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगतो. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस हा द्राक्षपट्टा. घरोघरी फवारणीची औषधं. ऑरगॅनोफॉस्फरस पिऊन आलेला पेशंट आधी मेडिसिनला राहतो आणि 'आता स्टेबल आहे' म्हणून मनोविकार वॉर्डात येतो. विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडण्याचा धोका असतो. ह्या मुदतीत तो तुमच्याकडे आला असेल तर प्रत्येक तपासणीत उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर पातळी बदलत बसू नका, लगेच फिजिशियनला बोलवा आणि आयसीयूची तयारी करा. असा पेशंट शरीराच्या कारणाने तिसरा आणि मनाच्या कारणाने चौथा असू शकतो. दोन्ही रकाने वेगळे ठेवा आणि जी पातळी वर असेल ती धरा.

औषधांनीही पातळी चढते. शांत करण्याचं हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की पेशंट झोपतो आणि नोंदीत पहिल्या पातळीला जातो. उलटं आहे. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, बीपी, शुद्ध. क्लोझापिन १२.५ मिलिग्रॅमपासून चढवताना बीपी आडवं आणि उभं दोन्ही, आणि शौचाची नोंद रोज. बद्धकोष्ठता तिथे किरकोळ नसते. लिथियमच्या पेशंटला जुलाब-उलट्या लागल्या किंवा एप्रिल-मे मध्ये पाणी कमी पडलं, की पातळी एकने वर आणि रक्तातली मात्रा तपासायला पाठवा, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी.

आणखी एक. आत्महत्येचा धोका हा विचार किती आहेत एवढ्यावर ठरत नाही. उपचार सुरू होऊन अंगात थोडी ताकद आली, पण उदासी अजून गेलेली नाही, तो टप्पा, पहिल्या रजेआधीचे-नंतरचे दिवस, आणि घरून काही वाईट बातमीचा फोन आल्यानंतरचे तास. ह्या तीन वेळांना पातळी खाली आणायचा निर्णय सिस्टरने एकटीने घेऊ नये. वर न्यायचा मात्र एकटीने घ्यावा, डॉक्टरची वाट न बघता.

इनचार्ज_विश्रामबाग

सर, ताई-दादा, मनापासून आभार. दोन शंका. १५ मिनिटांची नजर म्हणता, ती आमच्याकडे तक्त्यावर ८.००, ८.१५, ८.३० अशी छापलेली आहे आणि सह्या पाळी संपताना एकदम होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि पातळी भरायची कुणी, कधी? सकाळी ८ ला नाईटची सिस्टर पेंगत भरते तेव्हा सगळेच 'दुसरी' असतात.

वाईकर_ब्रदर

छापील वेळा आधी काढून टाका. पेशंट चार दिवसांत घड्याळ ओळखतो. कोरा रकाना ठेवा, बघणाऱ्याने खरी वेळ लिहायची: ८.०४, ८.१७, ८.२६. दोन नोंदींत १५ मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको एवढाच नियम, कमी असलं तर चांगलंच. आणि सहीसोबत तीन शब्द: कुठे होता, काय करत होता. 'बाथरूमजवळ उभा' लिहायला जावंच लागतं. आणखी एक नियम: बाथरूमचं दार बंद असेल तर ती नोंद 'दिसला' म्हणून धरायची नाही. आवाज देऊन उत्तर घ्यायचं.

पातळी भरायची वेळ पाळी संपताना नको, दोन तास आधी. रात्रीच्या पाळीसाठी संध्याकाळी ६ ला, दुपारसाठी १२ ला, सकाळसाठी पहाटे ६ ला. कारण साधं आहे. आठला कळलं की एक माणूस कमी आहे, तर आठला कुठून आणणार? सहाला कळलं तर इस्लामपूर-आष्ट्याहून येणारी सिस्टरसुद्धा येऊ शकते. भरणारी म्हणजे त्या पाळीत त्या पेशंटकडे असलेली सिस्टर, तपासणारी शिफ्टची सीनियर. डॉक्टरांनी भरू नये. त्यांना राऊंडचा पेशंट दिसतो, पहाटे तीनचा दिसत नाही. (सर, राग नसावा.)

आता फॉर्म कसा बिघडतो ते ऐका. महिन्याभरात स्टाफला कळतं की गुण वाढले की माणूस मिळतो, आणि अख्खा वॉर्ड तिसऱ्या पातळीला जाऊन बसतो. किंवा उलट: माणूस मिळतच नाही हे कळतं आणि सगळे दुसरीवर, कारण दुसरीला कुणी काही विचारत नाही. दोन्हीवर इलाज एकच, पुरावा. तिसरी-चौथी लिहिली तर समोर डोळ्यांनी दिसलेली एक ओळ. 'आक्रमक' ही ओळ नाही. 'दुपारी ४ ला शेजारच्याच्या अंगावर स्टीलचा ग्लास फेकला' ही ओळ.

सुरू करण्याआधी दोन सिस्टरनी एकमेकींना न विचारता तेच दहा पेशंट भरायचे, आठवडाभर. ७० जोड्या होतील. किती जोड्या जुळल्या ते बघा. ५६ च्या खाली, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली असेल तर सिस्टरना दोष देऊ नका, पातळ्यांची भाषा ढिली आहे. बहुतेक वेळा भांडण दुसरी-तिसरीच्या सीमेवर असतं, तिथलीच दोन वाक्यं पुन्हा लिहिली की आकडा सुधारतो. नर्सिंग कॉलेजचे कुणी संख्याशास्त्र जाणणारे असतील तर कप्पा (योगायोगाने जुळणं वगळून सहमती मोजणारा आकडा) हाही काढून घ्या, कारण निम्मे पेशंट पहिल्या पातळीचे असले की नुसती टक्केवारी फुगते.

मिरजकरांशी एका बाबतीत माझं जमत नाही. दाखल आणि डिस्चार्ज त्यांनी '१५०' मध्ये बुडवले असतील तर ते चुकतंय. एका ॲडमिशनला तास ते दीड तास जातो. अंगझडती घ्यायची: पायजम्याची नाडी, बेल्ट, ओढणी, ब्लेड, काडेपेटी, तंबाखूची पुडी, मोबाईलची चार्जर केबल. सामानाची यादी करून नातेवाइकाची सही, नामनिर्देशित प्रतिनिधीची (पेशंटच्या वतीने नेमलेली व्यक्ती) नोंद, वजन-बीपी, जुनी औषधं पिशवीतून काढून लिहिणं. बाईची झडती बाईच घेणार, म्हणजे त्या पाळीत पुरुषांकडची सिस्टरही इकडे ओढली जाते. रात्री बाराचा सेन्सस ह्याला आंधळा आहे. ११ ला एक डिस्चार्ज, ४ ला त्याच बेडवर नवीन, सेन्ससमध्ये एकच पेशंट. ॲडमिशनला ७५, डिस्चार्जला ३०, सीटी किंवा दुसऱ्या रुग्णालयात सोबत जाण्याला गेलेला सगळा वेळ, असे वेगळे मिळवा.

मिरज_जंक्शन

बरोबर आहे वाईकर, ये-जा त्या १५० मध्ये धरलेली नव्हती, वेगळीच मिळवायला हवी. ईसीटीचाही रकाना घाला ताई. ज्या सकाळी चार ईसीटी, त्या सकाळी एक सिस्टर ८ ते ११ थिएटर-रिकव्हरीत अडकलेली असते. उपाशीपोटी ठेवलेल्या पेशंटला कुणी चहा-बिस्किट दिलं नाही ना हे पहाटेपासून बघणं हेसुद्धा काम आहे, आणि ते हमखास नातेवाईकच देतात.

एक रकाना इथल्यासाठी: भाषा. जत, अथणी, कागवाडकडचे पेशंट नुसतं कानडी बोलत असतील आणि पाळीला कानडी येणारं कुणी नसेल, तर चिडलेल्या माणसाला बोलून शांत करणं हा पर्यायच हातातून जातो. पातळी वाढवू नका, पण रोस्टर लावताना त्या पाळीला कानडी येणारी एक जण घाला.

नाईट_सुपर

रात्रीचा प्रश्न कुणी धरला नाही म्हणून लिहितो.

रात्रीला दोन आकडे लागतात. एक फॉर्ममधून येणारा आणि दुसरा तळ, ज्याच्या खाली फॉर्म काहीही म्हणाला तरी जायचं नाही. पुरुषांची-बायकांची बाजू वेगळी असेल तर तळ तीन. दोन असल्या आणि एक कॅज्युअल्टीत पेशंट आणायला गेली, की एक बाजू रिकामी. बारा तासांत जेवण, बाथरूम, औषधांची खोली, एवढ्यातच दोघींपैकी एक सारखी आडोशाला असते.

रात्री कामं कमी असतात म्हणून मिनिटं कमी धरतात, तेही निम्मंच खरं. पहिल्या-दुसऱ्या पातळीची कामं कमी होतात हे मान्य. चौथ्या पातळीचा पेशंट मात्र रात्री ७२० मिनिटं खातो आणि तीही एका माणसाची नाही. सतत नजर ठेवणाऱ्याला तासाभराने, फार तर दोन तासांनी बदलायलाच हवं, नाहीतर डोळे उघडे आणि लक्ष बंद. पहाटे ३ ते ५ ला हा बदल चुकवू नका.

धरून ठेवण्याची वेळ आली तर पाच जण लागतात: चार हातापायांना, एक डोक्याशी आणि तोच बोलणारा. तुमच्याकडे रात्री दोन सिस्टर, एक मावशी, एक मामा. म्हणजे हिशोबानेच शक्य नाही. पाचवा कोण, हे पाळी सुरू होताना नावानिशी लिहा: कॅज्युअल्टीचा ब्रदर, प्रशिक्षण दिलेला सिक्युरिटी गार्ड, आरएमओ (निवासी डॉक्टर). अन् ते निघाले की तिकडे काय उघडं पडतं हेही लिहा.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, तो व्यवस्थापनाला दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९७. एकांतकोठडी बंदच. बांधणं फक्त तातडीची इजा टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढ्याच वेळापुरतं, आणि सतत देखरेखीखाली. २४ तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायचं, आणि अशी प्रत्येक घटना दर महिन्याच्या अहवालात मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला. त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय की केवळ कर्मचारी कमी आहेत ह्या कारणावरून बांधता येणार नाही. म्हणून बांधण्याच्या प्रत्येक नोंदीशेजारी त्या पाळीचा 'हवे होते किती, होते किती' हा आकडा लिहायला लागा. तीन महिन्यांत त्या दोन रकान्यांकडे बघून कुणालाही काय ते कळेल.

नातेवाईक. हातांच्या कामात धरा: भरवणं, अंघोळ, केस विंचरणं. त्याची मिनिटं तिसऱ्या पातळीत थोडी कमी करायला हरकत नाही. डोळ्यांच्या कामात एक मिनिटही धरू नका. दिवसभर शेतात राबून एसटीने आलेली आई रात्री दोनला झोपणारच, आणि तिने झोपावंच. काही नातेवाइकांच्या येण्याने पेशंट बिघडतो, त्या पेशंटची पातळी भेटीच्या वेळेनंतर पुन्हा भरा. मावशी-मामांना नजरेच्या कामाला लावता येतं, पण आधी शिकवून, आणि ब्रोसेट ३ किंवा वर असलेल्या किंवा जिवाच्या धोक्याच्या पेशंटपाशी एकटं नाही.

इनचार्ज_विश्रामबाग

नाईट सुपर, कलम ९७ ची प्रत उद्याच काढते. शेवटचं विचारते. समजा सहा आठवडे भरलं आणि निघालं की सकाळी ५, दुपारी ४, रात्री ३ लागतात. मग एकूण पदं किती मागायची? ५ + ४ + ३ = १२ म्हटलं तर ते १२ च देतील. आणि जड दिवसाचे ६.३ तर त्यात बसतच नाहीत.

मिरज_जंक्शन

१२ कधीच लिहू नका. तासांत मांडा. सकाळी ५ × ६ = ३०, दुपारी ४ × ६ = २४, रात्री ३ × १२ = ३६. दिवसाला ९० तास, २४ पेशंटमागे डोई ३.७५ तास. वर्षाला ३२,८५०. आठवड्याला ४८ तास धरले तर एका सिस्टरचे कागदावर वर्षाला २,४९६ तास. त्यातून हक्काची रजा, किरकोळ रजा, सणाच्या सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण मिळून ५२ दिवस धरा, म्हणजे ४१६ तास वजा. उरले २,०८०. भागाकार १५.८, म्हणजे १६ पदं. रजेचे दिवस तुमच्या रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे बदला. आठवड्याची सुट्टी आणि रजा ह्यांसाठी वर ४५ टक्के धरायची हे एसआययूच्या (केंद्राचं स्टाफ इन्स्पेक्शन युनिट) सरकारी निकषांतही आहे, त्यामुळे ही मागणी हवेतली नाही. ज्या निकषांतला सहामागे एक ते तुम्हाला ऐकवतात, त्यातलेच हे ४५ टक्के ते वाचायचं विसरतात.

सहा आठवड्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि कायम रोस्टर तीन-चतुर्थांशावर बांधा, म्हणजे ४२ सकाळींपैकी ३१-३२ निभतील इतक्यावर. सर्वांत जड दिवसावर बांधायला कुणी पैसे देणार नाही आणि सरासरीवर बांधलं तर जवळपास निम्मे दिवस तुम्ही कमीच. वरच्या दिवसांसाठी बदली सिस्टरांची यादी ठेवा, त्यांना वॉर्ड आधी दाखवलेला हवा. मेडिसिनची सिस्टर पहिल्यांदाच आली तर तिला चौथ्या पातळीपाशी बसवू नका. तिला औषधांच्या ट्रॉलीला लावा आणि आपली जुनी सिस्टर मोकळी करा.

आणि फॉर्मच्या तळाशी तीन ओळी छापून घ्या, वरून सही घेऊनच. एक माणूस कमी: बदली यादीतून बोलवण्याचा अधिकार शिफ्टच्या सीनियरला, कुणाला न विचारता. दोन कमी: नियोजित ॲडमिशन उद्यावर, ईसीटी पुढे ढकलता येतात का हे डॉक्टरांना विचारायचं. चौथ्या पातळीचे दोन असताना तिसरा येतोय: कन्सल्टंटला फोन, जागा-माणूस मिळेपर्यंत तो कॅज्युअल्टीतच, सोबत माणूस देऊन. ह्या तीन ओळींवर सही मिळत नसेल तर सहा आठवडे फॉर्म भरायला लावून सिस्टरांचा वेळ घालवू नका, आधी तीच सही मिळवा.

वाईकर_ब्रदर

एक बारीक राहिलं. पातळ्या नर्सिंग स्टेशनच्या बाहेरच्या पांढऱ्या बोर्डवर नावासमोर लिहू नका. भेटायला येणारा सगळा गाव वाचतो आणि 'चार नंबरवाला' हे नाव पडतं. आतल्या रजिस्टरला बेड नंबरसमोर लिहा, आणि बेड बदलला की पातळीही त्याच मिनिटाला हलवा. १४ नंबरची चौथी पातळी, पेशंट दुपारी ९ नंबरला गेला, आणि रात्रभर १४ नंबरच्या रिकाम्या बेडवर चोख सह्या, असं होतं.

इनचार्ज_विश्रामबाग

सोमवारपासून दोघी-दोघींनी दहा पेशंट भरायला सुरुवात करतो. दुसरी-तिसरीची वाक्यं जुळली नाहीत तर इथेच टाकते, तेव्हा कात्री लावायला या सगळे.